लॅपटॉप घेताना

मंडळी, बैल घ्यायचा झाला तर आपण त्याच्या शिंगांच्या रंगावर भुलत नाही. दात बघतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच पैसे मोजतो. पण लॅपटॉप घ्यायचा म्हटला, की दुकानदार पुढे ठेवील तो आपण मुकाट्याने उचलतो. आज या खरेदीविषयी आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

आमच्या शाळेची फजिती आधी सांगतो. लोकवर्गणी जमवून आम्ही एक लॅपटॉप आणला. खोक्यावर ‘डॉस’ असे लिहिले होते आणि किंमत कमी होती. आम्ही खूश! शाळेत आणून सुरू केला, तर काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी. घर मिळाले होते, पण आत चूलसुद्धा नव्हती. मग ओळखीच्या एकाने विंडोजची चोरटी प्रत त्यात भरून दिली. दोन महिने बरे गेले. नंतर विषाणू शिरला आणि सातवीच्या निकालाचे तक्ते गेले. दोन रात्री जागून आम्ही ते पुन्हा हाताने लिहिले. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या निवडीचा होता.

संगणकाचा सगळा कारभार जी पाहते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लिनक्स ही त्यांपैकीच एक. तिचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. तिचे मूळ लिखाण सर्वांना खुले आहे. घरचे बियाणे कसे, आपण पेरावे, राखावे, शेजाऱ्यालाही द्यावे, तसेच हे. दहा यंत्रांवर घातली तरी परवान्याचे पैसे नाहीत, आणि चोरीही नाही.

हे शाळेत चालेल का, असे शिक्षक बंधुभगिनी विचारतील. केरळात २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पाने सरकारी शाळांत हीच वाट धरली आणि शिक्षकांनाही तिचे शिक्षण दिले. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. पत्रे व तक्ते यांसाठी लिबरऑफिस आहे, लहान मुलांसाठी जीकॉम्प्रीचे खेळ आहेत, आणि इन्स्क्रिप्ट कळफलकाने मराठीही लिहिता येते.

आता मुद्द्याची गोष्ट. लॅपटॉप असा घ्यावा, की ज्यात लिनक्स कंपनीनेच घालून दिली आहे. ती मागाहून आपणही घालू शकतो. पण वायफाय, आवाज, कॅमेरा यांतले काहीतरी कधी कधी अडून बसते. कंपनीने स्वतः घातली असेल, तर ते भाग तिने जुळवून पाहिलेले असतात आणि बिघडले तर तिला विचारता येते. तेव्हा खोक्यावर ‘उबुंटू’ किंवा ‘लिनक्स’ हे नाव आहे ना, हे बघा. नुसते ‘डॉस’ असेल, तर आमचे निकालाचे तक्ते आठवा!

दुकानात यंत्र चालवून बघा. वायफाय जोडा, गाणे लावा, कॅमेरा उघडा. झाकण मिटा आणि पुन्हा उघडा. यंत्र झोपेतून नीट जागे होते का पाहा. मराठीत दोन ओळी लिहा. स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, ८ जीबी असावी आणि साठवणीला एसएसडी असावी. प्रणालीच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हेही विचारा. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला त्या ५ वर्षे मोफत मिळतात.

एक सावधगिरी मात्र हवी. तुमच्या कचेरीचे एखादे काम किंवा शाळेचा जुना प्रिंटर केवळ विंडोजवरच चालत असेल, तर ते आधी तपासा. तसे असेल तर रीतसर परवान्याची विंडोज घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

गावाने विश्वासाने दिलेला पैसा आहे, मंडळी. पाच मिनिटे यंत्र चालवून बघायला संकोच कसला? दुकानदार हसला तर हसू द्या. नंतर आपल्यावर रडायची पाळी येऊ नये, एवढेच.