दारू सोडल्यानंतरचे यकृत

वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्या व्यक्तीने ती सोडली आणि महिना-दीड महिन्याने केलेल्या रक्ततपासणीत एसजीओटी व एसजीपीटी यांचे आकडे चाळीसच्या आसपास उतरले, की घरातल्या सर्वांना हायसे वाटते, आणि ते वाटणे रास्तही आहे. परंतु हे आकडे नेमके काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत याची जाण नसेल, तर त्याच कागदाच्या भरवशावर पुन्हा पेला हातात येतो. म्हणूनच हे आकडे वाचायचे कसे, ते समजावून घेणे अगत्याचे ठरते.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे, म्हणजे पेशींमधील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने होत. त्यांची जागा पेशीच्या आत असते, आणि रक्तात त्यांचे प्रमाण वाढते ते मुख्यतः पेशींना इजा होऊन त्यांच्यातील द्रव्य बाहेर झिरपू लागल्यामुळे. ही विकरे केवळ यकृतात असतात असेही नाही. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी रक्तातील एसजीओटीची वाढ दाखवून दिली ती हृदयविकाराच्या झटक्यानंतर, आणि यकृताच्या निदानासाठी तिचा वापर त्यापाठोपाठ रूढ झाला. दारूमुळे यकृत दुखावते तेव्हा पुष्कळदा एसजीओटीचा आकडा एसजीपीटीच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक दिसतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये एसजीओटीचा मोठा साठा असतो आणि दारूचा घाव नेमका तेथे बसतो, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, सतत पिणाऱ्यांच्या शरीरात ब-६ जीवनसत्त्वाची उणीव असते आणि त्याच्या अभावी एसजीपीटीचा आकडा फारसा चढत नाही.

पिणे थांबले की नवी इजा थांबते आणि रक्तात आधीच आलेली विकरे हळूहळू नाहीशी होतात, मात्र प्रत्येकाची गती निराळी असते. एसजीओटीचे प्रमाण निम्मे होण्यास साधारण १७ तास पुरतात, एसजीपीटीला दोन दिवसांच्या आसपास लागतात, तर जीजीटी हे दारूच्या बाबतीत विशेष बोलके असलेले तिसरे विकर निम्म्यावर येण्यास दोन ते तीन आठवडे घेते. त्यामुळे पंधराव्या दिवशी पहिले दोन आकडे उतरलेले आणि जीजीटी मात्र चढाच, असा रिपोर्ट हाती आला तर रुग्णाने खोटे सांगितले असा संशय घेणे हा त्याच्यावर अन्याय ठरतो, आणि नुकत्याच सावरू लागलेल्या माणसाला तो फार महागात पडू शकतो. याच काळात यकृतात साठलेली चरबी, म्हणजे ज्याला फॅटी लिव्हर म्हणतात ती अवस्था, ओसरू लागते; केवळ एवढाच बिघाड असेल तर दोन ते सहा आठवड्यांत यकृत बहुतांशी पूर्ववत होऊ शकते, आणि सोनोग्राफीतही तो बदल दिसू शकतो.

खरी अडचण यापुढची आहे. विकरांचा आकडा सध्या किती पेशी दुखावत आहेत एवढेच सांगतो. वर्षानुवर्षांच्या दाहाने यकृतात किती व्रण साठले आहेत, हे त्यातून कळत नाही. छपराची गळती थांबली म्हणून कुजलेले वासे आपोआप नीट होत नाहीत, तसेच हे आहे. सिरोसिस, म्हणजे व्रणांच्या जाळ्याने यकृत कठीण व गाठाळ होण्याची अवस्था, असलेल्या रुग्णातही एसजीओटी-एसजीपीटी नॉर्मल असू शकतात. यकृताची कार्यशक्ती जोखायची असेल तर ते स्वतः तयार करते त्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाण, रक्त गोठण्यास लागणारा वेळ आणि बिलिरुबिन पाहावे लागते. प्लेटलेट कमी झाल्या असतील तर तीही व्रणांची एक सूचना असते, आणि यकृताचा कठीणपणा मोजणारी फायब्रोस्कॅन ही तपासणी बरेच स्पष्ट करते, मात्र ती पिणे थांबल्यानंतर काही आठवड्यांनी केलेली बरी, कारण दाह ताजा असताना आकडा फुगून येतो.

‘दारू सोडली, आता फक्त बिअर’ हा समजही येथेच तपासून पाहायला हवा. ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या व्हिस्कीच्या ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो, तर ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे तसल्या चार पेगांइतका. यकृतापर्यंत पोहोचतो तो मद्यार्क. बाटली कोणती, याने काही फरक पडत नाही.

सोडण्याच्या रीतीबद्दलही एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर काही तासांतच हातांना कंप व घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम व भास होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून ही पायरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ब-१ जीवनसत्त्व देऊन आणि गरजेप्रमाणे औषधे देऊन ओलांडावी लागते. त्यानंतरचा मार्ग अधिक लांबचा असतो, आणि पुण्यात १९८६ मध्ये अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी तो महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांसाठी सुकर केला आहे.

आहाराच्या बाबतीत घरोघरी होणारी चूक म्हणजे ‘लिव्हरला आराम’ म्हणून रुग्णाला मऊ भात आणि उसाच्या रसावर ठेवणे. पिण्याच्या काळात उपासमार झालेल्या आणि स्नायू झिजलेल्या शरीराला प्रथिने हवी असतात. सिरोसिस असतानाही वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली जाते, म्हणजे वरण, मटकीची उसळ, अंडी, दही, पनीर यांना ताटात जागा हवीच. सिरोसिसमध्ये यकृताचा साखरेचा साठा इतका तुटपुंजा असतो की एका रात्रीच्या उपवासातच शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर बनवू लागते, म्हणून निजण्यापूर्वी थोडे खाणे हा उपचाराचाच भाग मानला जातो. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून मिळणारी सिरपे किंवा मनाने घेतलेले काढे मात्र टाळणे श्रेयस्कर; गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला असला तरी आधीच दुखावलेल्या यकृतावर असा प्रयोग न केलेला बरा.

सिरोसिस झाल्यावर दारू सोडून काय उपयोग, असे निराशेने विचारले जाते, तेव्हा उत्तर ठामपणे द्यावे लागते की उपयोग मोठा आहे. व्रणाचे धागे विणणाऱ्या पेशी दारू थांबल्यावर शांत होतात, जुने धागे काही अंशी विरघळतात, यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतील दाब कमी होऊ शकतो, आणि पोटात पाणी साठलेल्या काही रुग्णांचा जलोदरही कालांतराने ओसरतो. यकृताच्या कर्करोगाचा धोका मात्र पूर्णपणे संपत नसल्यामुळे सिरोसिसच्या रुग्णांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावीच लागते. तरीही काहींच्या बाबतीत सुधारणा इतकी होते की यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतून त्यांचे नाव काढता येते.