'ग्ली'च्या पोटातलं गाणं

'ग्ली' हा इंग्रजी शब्द तुम्हाला ठाऊकच आहे. शाळेत त्याच्यापुढे 'आनंद, हर्ष' एवढं लिहून घेतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. माझी तक्रार आहे ती या घाईबद्दल. या शब्दाच्या पोटात गाणं आहे हो!

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'ग्लेओ' म्हणजे गाणंबजावणं, खेळ, करमणूक आणि त्यातली मौजही. मेजवानीत गाऊन मन रिझवणारा तो 'ग्लीमन'. 'बेओवुल्फ' या जुन्या काव्यात तर हार्प या तंतुवाद्याला 'ग्लीचं लाकूड' म्हटलं आहे. वाद्य आणि आनंद एकाच शब्दात नांदत होते.

पुढे पंधराव्या शतकानंतर हा शब्द जवळजवळ वापरातून गेला. आजीचं तांब्याचं पातेलं माळ्यावर जावं, तसा. सॅम्युअल जॉन्सननं आपल्या 1755च्या इंग्रजी शब्दकोशात पूर्वीचा 'मेजवानीतलं संगीत' हा अर्थ नोंदवला. पण आता हा शब्द थट्टेत नाहीतर तुच्छतेनंच वापरतात, असंही लिहिलं. पातेलं काळं पडलं होतं; तांबं मात्र तेच होतं. अठरावं शतक संपता संपता त्याला पुन्हा कल्हई लागली, ते चुलीवर चढलं आणि त्यात शिजलं काय? पुन्हा गाणंच!

लंडनमध्ये 1787 साली 'ग्ली क्लब' स्थापन झाला. मंडळी जमत, जेवत आणि गात. तीन किंवा अधिक गळे, प्रत्येकाची चाल वेगळी, साथीला वाद्य नाही, अशा गाण्याला 'ग्ली' म्हणत. आणि हे नीट ऐका, गाण्याचे शब्द दुःखाचे असले तरी त्याचं नाव 'ग्ली'च! नुसता 'हर्ष' पाठ केलेल्या मुलाला हे कसं उमगावं? तो क्लब 1857 साली बंद झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी आपला ग्ली क्लब काढला, तो आजही गातो आहे.

दुसऱ्याची फजिती पाहून होणाऱ्या आनंदालाही आज हाच शब्द लावतात. तो तिथवर कसा पोचला, हे सांगायला हवं होतं, पण वेळ संपत आला. म्हणून पुन्हा तेच सांगतो: 'ग्ली'त गाणं आहे. शिक्षकांनो, पालकांनो, मुलांना शब्दाचा अर्थ सांगाल तेव्हा कोशातली व्युत्पत्तीची ओळही वाचून दाखवा.