आकडा आणि गोष्ट

 १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथेच, नांदेडला, गोदाकाठी गुरुगादी ग्रंथसाहिबाला दिली आणि देह ठेवला. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. एवढे जुने नाते असूनही शीख माणूस मराठी घरात बहुधा विनोदातूनच शिरतो, याचे मला दुःख आहे. म्हणूनच शिखांविषयीचे पूर्वग्रह हा विषय आम्ही तरुण कथाकारांपुढे ठेवला.

गोष्टी सांगून काय होणार, कायदा हवा, असे कोणी म्हणेल. कायदा हवाच. पण ५ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात एका गोऱ्या वंशवाद्याने सहा जणांना ठार केले, तेव्हा द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांच्या एफबीआयच्या नोंदीत शिखांसाठी रकानाच नव्हता. तो असावा, असे शीख संघटना म्हणतच होत्या. मृतांपैकी परमजित कौर यांचा अठरा वर्षांचा मुलगा हरप्रीत सैनी दीड महिन्यात सिनेटच्या समितीपुढे आईविषयी बोलला, तिची निदान गणती तरी करा म्हणाला. २०१५ पासून ती नोंद सुरू झाली. आपल्याकडे उलटे आहे. १९८४ मध्ये दिल्लीत मारल्या गेलेल्या शिखांचा सरकारी आकडा २,७३३ आहे, पण त्यांतल्या एकाचीही गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना सांगता येणार नाही.

गोष्ट सांगतानाही सावध राहावे लागते. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरील दहशतवादी हल्ल्यांनंतर तिथल्या ॲरिझोनात बलबीरसिंग सोढींची पगडी-दाढी पाहून हत्या झाली. ‘मुसलमान समजून मारले’ एवढेच म्हटले, तर मुसलमानाला मारणे चालले असते असा अर्थ निघतो. वॅलरी कौर ही विशीतली विद्यार्थिनी त्या वेळी कॅमेरा घेऊन देशभर फिरली. तिने शिखांबरोबर मुसलमानांच्याही कहाण्या टिपल्या, हे मला फार मोलाचे वाटते. आणि विनोदांचे काय? खुशवंतसिंगांनी स्वतः सरदारजींच्या विनोदांची पुस्तके काढली, हे खरे. पण ते आपल्या माणसांत बसून हसत होते. वर्गात एकटाच पटका बांधून बसलेला मुलगा हसतो, कारण त्याला दुसरा मार्ग नसतो. त्या हसण्याला संमती समजू नये.

इथून जाण्यापूर्वी लंगरच्या पंगतीत बसा, शेजारच्याशी बोला, त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या. मग लिहा, आणि छापण्याआधी त्याला वाचून दाखवा.