दवाखान्याआधी कागद

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. औषधोपचारावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण आजारपण आले की माणसे प्रथम मुदत ठेव मोडायला येतात, हे आम्ही काउंटरवर बसून पाहतो. गेल्या वर्षी तो फॉर्म आम्ही आमच्याच घरासाठी भरला.

आमचे काका घरात घसरून पडले, खुबा मोडला. वय 73. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही सोय 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाली. त्यासाठी फक्त आधार कार्ड लागते. पण काकांच्या आधारवर जन्मसाल पाच वर्षे पुढचे पडलेले. सरकारदरबारी काका 68 वर्षांचे! शाळेचा दाखला माळ्यावरच्या ट्रंकेत होता, पण दुरुस्ती होईपर्यंत ऑपरेशन कसे थांबणार? 1 लाख 80 हजारांची ठेव मोडली. दोष हॉस्पिटलचा नाही, आमचा. ती चूक आम्ही कित्येक वर्षे पाहत होतो.

आपण सुरतेत पिढ्यान्पिढ्या राहणारी माणसे. 'ते गरिबांचे कार्ड, आपल्याला काय करायचे?' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. हा गैरसमज आहे. गुजरातमध्ये 2012 साली मुख्यमंत्री अमृतम् योजना आली ती दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी. 2014 साली 'मा वात्सल्य' आली आणि मध्यमवर्गालाही दार उघडले. पुढे ही मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक 4 लाख उत्पन्नापर्यंत वाढली. आज ती आयुष्मान योजनेशी जोडलेली असून जुलै 2023 पासून राज्यात कुटुंबाला वर्षाला 10 लाखांचे संरक्षण आहे. यादीतल्या खासगी हॉस्पिटलांतही ते चालते.

मग अडते कुठे? कागदात. रेशनकार्डावर 'सुमनबेन', आधारवर नुसते 'सुमन'. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डात. मामलतदार कचेरीतला आवकीचा दाखला मुदतीचा असतो, तो संपला की कार्ड अडते. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा पुरावा हाती घेऊनच जा.

लिंबायत-उधन्याकडे खानदेशातून आलेल्या आपल्या बांधवांची अडचण वेगळी. त्यांचे रेशनकार्ड अजून गावी असते. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना तिथल्या रेशनकार्डावर किंवा रहिवासावर चालते, गुजरातची इथल्या. राहायचे इथे आणि कागद तिथे, अशाने ऐन वेळी दोन्ही हातचे जाते. त्यांना समजावून सांगणे हे आपले, जुन्या घरांचे काम आहे.

महिना 35 हजार मिळवणाऱ्या घराचे वर्षाचे 4 लाख 20 हजार होतात, म्हणजे 20 हजारांनी योजना हुकते. अशांनी स्वतःचा विमा घ्यावा आणि धडधाकट असताना घ्यावा, कारण जुन्या दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून उठला आहे.

आता राजकारणाचे. निवडणूक आली की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या गणेशोत्सवात आरतीला उभे राहतात. त्यांना नारळ जरूर द्या, पण विचारा : आमच्या वॉर्डात कार्डाचे आणि आधार दुरुस्तीचे शिबिर कधी? दाखल्याला किती खेटे घालायचे? एकटा माणूस विचारतो तेव्हा तो अर्जदार असतो. मंडळ विचारते तेव्हा उत्तर द्यावे लागते.

तोवर एक करा. आज घरी गेल्यावर सर्वांची आधार कार्डे आणि रेशनकार्ड एका टेबलावर मांडा, नाव आणि जन्मतारीख ताडून पाहा. काका आता काठी घेऊन चालतात. त्यांचे आधार दुरुस्त झाले, कार्डही आले. ठेव मात्र परत आली नाही.

जय महाराष्ट्र, जय गुजरात.