दोन लेकरे आणि एक सायकल



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो संपावर बोलेल, नाहीतर महागाईवर, अशी श्रोत्यांची समजूत असते. आम्ही आज सायकलवर बोलणार आहोत. आणि तेही दोन लहान मुले असलेल्या कुटुंबाने सायकलवरून जावे-यावे कसे, एवढ्याच विषयावर. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय ऐकून पुन्हा एकदा विचारले, ‘नक्की हाच ना?’ नक्की हाच.

विषय लहान वाटतो तो सायकल सुटलेल्यांना. २०११ च्या जनगणनेत, शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांना, तुम्ही कामावर कसे जाता, असे विचारण्यात आले. अशा सुमारे वीस कोटी माणसांपैकी साडेचार कोटी पायी जात होती आणि दोन कोटी साठ लाखांच्या आसपास सायकलने. मोटारीने जाणारी मंडळी यापुढे मूठभरच. पण रस्ता कोणाच्या सोयीने आखला जातो, हे आपण जाणता. बरे, या सायकलवाल्या माणसाला घरी मुले असतात. धाकटे बालवाडीत, थोरले पहिलीत. सकाळी दोघांना पोचवायचे आणि पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत फाटक गाठायचे. दहा मिनिटे उशीर झाला तर पगार कापला जातो. तेव्हा मुलांना कुठे आणि कसे बसवावे, हा प्रश्न आमच्या दृष्टीने पगाराचा आहे, आणि मुलांच्या हातापायांचा तर आहेच आहे.

आज बहुतेकांनी यावर काढलेला तोडगा आपण रोज पाहतो. हप्त्यावर स्कूटर घेतली जाते. पुढे पाय ठेवायच्या जागी थोरला उभा, मध्ये वडील, मागे आई, आणि तिच्या मांडीवर धाकटी. चार जीव, आणि हेल्मेट असलेच तर एक. कायद्याने चालकामागे एकाच माणसाला मुभा आहे. मोटार वाहन कायद्याचे १२८ वे कलम तेच सांगते. चार वर्षांखालच्या मुलासाठी २०२२ साली नियम निघाला आणि २०२३ पासून लागू झाला : मुलाला चालकाशी पट्ट्याने बांधावे, डोक्यावर हेल्मेट घालावे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेऊ नये. नियम शहाणा आहे. पण तो पाळला जाताना आम्ही अजून पाहिला नाही, आणि केवळ कुटुंबाला दोष देऊन तो पाळला जाणारही नाही. ज्याला दुसरे साधन नाही तो आहे त्या साधनावर मावेल तितके घर बसवतो.

आता सायकलकडे येऊ. आमच्या पिढीतील पुष्कळांची पहिली गादी म्हणजे वडिलांच्या सायकलच्या दांडीवर घातलेली टॉवेलाची घडी. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, हात हँडलवर आणि वडिलांची हनुवटी डोक्यावर. त्या आठवणीने माणूस हळवा होतो. पण हळवे होऊन सायकल चालवता येत नाही. दांडीवरच्या मुलाला पाठीला आधार नसतो, पायाला आधार नसतो, आणि खड्डा आला की ते हँडलच ओढते. मागे कॅरिअरवर बसलेल्या मुलाचे संकट याहून वाईट. त्याचे पाय लोंबकळत असतात. झोप आली, वळणावर भीती वाटली, की पाय आत येतो आणि टाच चाकाच्या तारांत सापडते. अस्थिरोगाच्या कोणत्याही डॉक्टरांना विचारा. ही जखम त्यांच्या ओळखीची आहे. पहिल्या दिवशी ती खरचटल्यासारखी दिसते, आणि आत चिरडलेली कातडी दोन-तीन दिवसांनी काळी पडू लागते. अनवाणी पोर असेल तर बोलायलाच नको. आमच्या वस्तीत अशा टाचा आम्ही मोजल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी बापाने हेच म्हटले, ‘घट्ट धरून बस म्हणून सांगितले होते.’ चार वर्षांच्या मुलाला घट्ट धरून बसायला सांगणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात घालणे होय.

हॉलंडच्या कायद्यात याचे उत्तर एका वाक्यात आहे. आठ वर्षांखालील मूल सायकलवर न्यायचे तर त्याला पाठीचा, हातांचा आणि पायांचा पुरेसा आधार देणारे सुरक्षित आसन पाहिजे. पाठ, हात आणि पाय. महागडी वस्तू हवीच असे नाही. पाठीमागे टेका, पुढे आडवी पट्टी, कमरेला पट्टा, आणि पाय ठेवायला दोन्हीकडे बंद खोबणी. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी किंवा पत्रा. लेडीज सायकलला पदर अडकू नये म्हणून जी जाळी लावतात, तीच पायांनाही वाचवते. भोसरीत यंत्राचे भाग घडवणाऱ्या हातांना असे आसन जोडणे अवघड नाही. मात्र ते कॅरिअरला सुतळीने बांधू नये. सायकलच्या चौकटीला बोल्टने आवळावे, आणि दर पगाराला ते बोल्ट पाना लावून तपासावेत.

वजनाचाही हिशेब आहे. युरोपात अशा आसनांचे जे मानक आहे त्यात पुढच्या आसनावर १५ किलोपर्यंत आणि मागच्या आसनावर २२ किलोपर्यंत मूल चालते. म्हणजे धाकटे पुढे, थोरले मागे. वर्षाच्या आतले मूल मुळीच नेऊ नये. त्याची मान खड्ड्यांचे धक्के सोसत नाही. दोन मुले मिळून अठ्ठावीस-तीस किलो झाली, वर दप्तरे. हे सिमेंटच्या निम्म्या पोत्याहून अधिक ओझे आहे, आणि पोते चुळबुळ करीत नाही. म्हणून ब्रेक आधी पाहावेत. जुन्या काळ्या सायकलचे सळईचे ब्रेक पावसात लोखंडी रिमवर नुसते घसरतात. दुसरे, स्टँड. एका पायाच्या स्टँडवर सायकल कलती ठेवून, वर मूल बसवून आई कुलूप शोधायला वाकते आणि सायकल आडवी होते. न धावताच मूल पडते. स्टँड दोन पायांचा, रुंद, आणि मूल वर असताना एक हात सायकलवर, एवढे पाळलेच पाहिजे.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे, कारण सगळा पेच तिच्यात आहे. गडी माणूस सायकलवर चढतो तो पाय मागून टाकून. मागे मूल बसले की पाय मागून टाकता येत नाही, तो दांडीवरून काढावा लागतो. पुढेही मूल बसले की तीही वाट बंद झाली. म्हणजे दोन मुले पुढे-मागे बसवली आणि सायकल जेंट्स असली, तर चालवणाऱ्याला चढायला वाटच उरत नाही! सायकल निम्मी आडवी करून तो कशीबशी तंगडी आत घुसवतो. आणि त्याच क्षणी तोल जातो. यावर उपाय बाजारात कित्येक वर्षे उभा आहे. मधली दांडी खाली उतरलेली लेडीज सायकल. पाय मधूनच टाकायचा. पुढचे आसन चौकटीच्या पुढच्या जाड नळीला पक्के करायचे, मागचे कॅरिअरच्या जागी. पण हे आम्ही आमच्या सभासदांपुढे मांडले तेव्हा बैठकीत हशा पिकला. पहिलवानासारखा गडी लेडीज सायकलवर कसा बसणार?

या हशाला उत्तर तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्याने दिलेले आहे. तेथे १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची मोहीम निघाली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या सेविका, परिचारिका, हजारोंनी सायकल शिकल्या. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे की काही जणींना तीच सायकल अधिक पसंत पडली. कारण तिच्या दांडीवर मूल बसवता येते. बायकांनी मुलासाठी पुरुषाची सायकल घेतली, लोक काय म्हणतील याचा हिशेब केला नाही. मग दोन मुलांसाठी पुरुषाने बाईची सायकल घ्यायला काय हरकत आहे? मुलांना पोचवणे हे बाईचेच काम, असा जो समज घराघरांत मुरला आहे तोच या हशामागे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकच सायकल दोघांना चालवता आली की पाळीप्रमाणे काम वाटून घेता येते. तिची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात त्याने न्यावे.

घरात दोन सायकली असतील आणि दोघांची वेळ जुळत असेल तर प्रत्येकी एक मूल, हा सर्वांत सरळ मार्ग. पण कारखान्याच्या पाळ्या नवरा-बायकोला विचारून लागत नाहीत.

परदेशी साधनांबद्दल तरुण मंडळी विचारतात. सायकलमागे जोडायची दोन चाकांची बंद गाडी असते, तीत दोन मुले शेजारी शेजारी पट्ट्याने बांधून बसतात. ती सहजी पडत नाही हा तिचा गुण. परंतु ती ठेंगणी, ट्रकचालकाला दिसत नाही, आणि मुलांची नाके नेमकी गाड्यांच्या धुराच्या नळीसमोर येतात. आपल्या हमरस्त्यावर आम्ही ती नेणार नाही. दुसरी पेटीची सायकल. कोपनहेगनच्या क्रिस्तियानिया वस्तीत १९८४ साली एक तीनचाकी बनली. पुढे दोन चाके, त्यांवर लाकडी पेटी, पेटीत बाक, बाकावर मुले. चित्रे पाहून आपले लोक थक्क होतात. अहो, आपला आइस्क्रीमवाला दुसरे काय चालवतो? पुढे दोन चाके आणि पेटी! फक्त त्याच्या पेटीत मुलांऐवजी कुल्फी असते, आणि मुले मागे धावत असतात. युरोपात ती पेटी हजारो युरोंना पडते. आपल्याकडे फॅब्रिकेशनच्या कारखान्यात तिचा सांगाडा जोडणारा वेल्डर आमच्या प्रत्येक शाखेत सापडेल. ओझे मात्र जड. चढाच्या गावात तिला विजेची मदत लागेल. आपल्या नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, ६० किलोच्या आतली अशी सायकल मोटारवाहन धरली जात नाही. तिला परवाना लागत नाही. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक घेतली आणि गल्लीतली मुले आळीपाळीने पोचवली तर ती परवडेलही. सहकारी संस्था काढून आपण साखर केली. एक तीनचाकी जड जाऊ नये.

थोरला सहा-सात वर्षांचा झाला की त्याला स्वतःची सायकल हवी असते. द्यावी. रस्त्यावर त्याला आपल्या डाव्या अंगाला ठेवावे, आणि आपण उजवीकडे, अर्धे चाक मागे. म्हणजे तो दिसतो आणि गाडी आधी आपल्याकडे येते. हेल्मेट दोघांनाही.

हे सगळे घरातले झाले. घराबाहेरचा भाग संघटनेचा आहे. हॉलंड आज सायकलींचा देश म्हणून दाखवला जातो, जणू तेथे रस्ते असेच उगवले. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. लोकांनी ‘मुलांची हत्या थांबवा’ याच नावाची चळवळ काढली, रस्ते अडवले, लहान मुलांसह सायकलींचे मोर्चे नेले. १९७३ चा तेलतुटवडा आला आणि सरकारचे कान उघडले. त्यानंतर वेगळे मार्ग आले, वस्तीतल्या रस्त्यांवरचा वेग खाली आला. पुणे महानगरपालिकेनेही २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आराखडा कागदावर चांगला आहे. सायकलमार्गावर उभ्या केलेल्या मोटारी कोणी उचलायच्या, हा प्रश्न त्या कागदाने सुटत नाही.

आणि कारखान्यांचे काय? केंद्र सरकारच्या नोकरांना सायकलसाठी बिनव्याजी उचल मिळत असे. सातव्या वेतन आयोगानंतर ती बंद झाली. टपाल खाते आणि रेल्वेतील काही कर्मचाऱ्यांचा सायकल देखभाल भत्ता मात्र २०१७ मध्ये महिना ९० रुपयांवरून १८० रुपये करण्यात आला. १८० रुपयांत एक टायरही येत नाही. तरी तत्त्व मान्य आहे, आणि मान्य झालेले तत्त्व मागणीपत्रकात वापरायचे असते. एका कारखान्यात साहेबांच्या मोटारींना पत्र्याचे छप्पर होते आणि साडेतीनशे सायकली उन्हापावसात गंजत होत्या. छपरासाठी आम्हांला दोन वर्षे भांडावे लागले. येत्या करारात आम्ही चार गोष्टी मागणार आहोत : सायकलसाठी बिनव्याजी उचल, दोन आसनांचा खर्च, फाटकाशेजारी छपराखालची जागा, आणि ज्याला मुले पोचवायची आहेत त्याला पहिल्या पाळीत पंधरा मिनिटांची सवलत. पहिल्या तीन मिळतील असे दिसते. चौथीवर व्यवस्थापन अडून बसले आहे, आणि आम्हीही.

सभागृहाबाहेर जिन्याजवळ आमच्या वेल्डर मंडळींनी जोडलेली दोन आसनांची लेडीज सायकल उभी आहे. ज्यांची मुले बरोबर आली असतील त्यांनी बसवून पाहावीत. स्टँड दोन पायांचा आहे. पण हात सोडू नये.