शेकाप: कुठे ओसरला, कुठे टिकला

आज शेतकरी कामगार पक्षाविषयी, म्हणजे आपल्या शेकापविषयी बोलू या.

१९४७ साली काँग्रेसमधलेच काही बहुजन नेते अस्वस्थ होते. स्वातंत्र्य आलं, पण कुळाच्या आणि शेतमजुराच्या पदरात काय पडणार, हा त्यांचा प्रश्न होता. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी वेगळी वाट धरली आणि शेकाप उभा केला. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीच्या अधिवेशनात पक्षानं मार्क्सवादी भूमिका घेतली आणि खेड्यातल्या शेतकऱ्याच्या खांद्यावर लाल बावटा आला. पण काही वर्षांतच जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले.

तरी पक्ष संपला नाही. १९५७ साली मराठी भाषकांच्या राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत शेकापचे ३१ आमदार निवडून आले. १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, आणि १९६२ च्या निवडणुकीत हा आकडा १५ वर आला. असं का व्हावं? माझ्या मते विचार हरला नव्हता. राज्याची मुख्य मागणी पूर्ण झाली होती आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी काँग्रेसची दारं बहुजन तरुणांना उघडली होती. साखर कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद अशी सत्तास्थानं गावाजवळ आली. ती हाती असलेला पुढारी ऊस उचलायचा, कर्ज मंजूर करायचा. शेकापच्या कार्यकर्त्याकडे मोर्चाच होता.

जिथे लढा जमिनीचा नाहीतर पाण्याचा होता, तिथे मात्र पक्ष मुळं धरून राहिला. नवी मुंबईसाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, तेव्हा शेकापचे नेते दि. बा. पाटील त्यांच्यामागे उभे राहिले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. इतक्या लहान पक्षानं सरकारला नमवलं, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

दुसरं ठिकाण सोलापूर जिल्ह्यातलं दुष्काळी सांगोला. तिथून गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. मध्ये दोनदा, १९७२ आणि १९९५ ला, हरले. पण सूतगिरणी उभारणारा आणि टेंभू सिंचन योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडणारा माणूस लोकांनी पुन्हा निवडून दिला. २०१९ ला ते थांबले आणि त्यांचे नातू अनिकेत देशमुख अवघ्या ७६८ मतांनी पडले. २०२१ मध्ये गणपतराव गेले. २०२४ ला सांगोल्यानं त्यांचेच दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांना निवडलं. आज विधानसभेत शेकापची तेवढी एक जागा आहे.