जस्ताच्या कढईतला गाळ

लोखंड गंजू नये म्हणून ते सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. या तापमानाला जस्तात जेमतेम ०.०३ टक्के लोखंड विरघळते. त्याहून जास्त झालेले लोखंड जस्ताशी संयोग पावून त्याचे कण बनतात आणि जड असल्याने तळाशी बसतात. ते ढवळून वर आले, तर लेप खरखरीत होतो; म्हणून हा गाळ वेळोवेळी उपसावाच लागतो.

कोणी म्हणेल, गाळात ९० टक्क्यांहून अधिक जस्तच असते, मग उपसण्यात नुकसानच! खरे आहे. पण कढईत येणाऱ्या एक किलो जादा लोखंडामागे सुमारे २५ किलो गाळ तयार होतो. म्हणजे खरी बचत उपसा टाळण्यात नाही. गंज काढण्यासाठी आम्लात बुडवलेला माल नीट धुऊन, त्याला चिकटून कढईत येणारे लोखंडच रोखण्यात आहे.